बारावा चौकोन

अंगठा काचेपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबला होता. डाव्या हाताचा अंगठा. कातडीच्या भेगांत मुरलेलं ग्रीस चार महिन्यांच्या साबणानं फिकं झालेलं, पण गेलेलं नाही... आणि हुस्ना त्या अंगठ्याकडे बघत होती. अब्बूंच्या चेहऱ्याकडे नाही. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळल्यापासून त्यावरून काही वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र विचार करत होता. पाण्याच्या चौकोनावरून तो चहाच्या चौकोनावर गेला, तिथं रेंगाळला, खाली सरकला, फोनच्या अगदी कोपऱ्यात जाऊन टेकला. आवाज आला नाही. नेम चुकला असेल, तिला वाटलं. तिनं फोन त्यांच्या मांडीवर जरा सरळ केला.

"तेलगाव," अब्बू म्हणाले.

"चाय होना क्या, अब्बू?"

"तेलगाव." या वेळी थकून.

म्हणजे चहा नको. एवढं तिला आता कळायचं. जानेवारीतल्या एका सकाळी धारूरच्या गॅरेजात अब्बू, तिथले नबी मिस्त्री, हातातल्या पान्यासकट खाली बसले, बसले ते उठलेच नाहीत, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यातून सतरा दिवसांनी घरी आले तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द तिकडंच राहिले होते, एक सोडून. पाणी हवं असलं तरी तेलगाव, पाय दुखला तरी तेलगाव, अम्मीवर चिडले तरी तेलगाव. आणि एकदा, हुस्ना पुण्याहून कायमचं सामान घेऊन आली त्या दिवशी, तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून इतक्या हळू म्हणालेलं तेलगाव, की तिला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं होतं. डॉक्टर तरुण होता. कागदाच्या पाठीमागं मेंदूचं चित्र काढून त्यानं समजावलं, की त्यांना बरंच कळतं, शब्द बाहेर काढून देता येत नाहीत, आणि हा जो एक निघतो तो अडकलेला आहे, त्यात अर्थ शोधू नका.

अर्थ शोधू नका... पण मग दिवसभर कानावर येतं त्याचं करायचं काय?

ती पानं बनवणारी होती. वेबची पानं: बटणं, याद्या, रकाने, बोट ठेवलं की उघडणारं आणि बोट काढलं की मिटणारं सगळं. पुण्यातल्या कंपनीनं घरून काम करू दिलं तेव्हा सुटकेसारखी पहिली कल्पना हीच सुचली होती, की अब्बूंना बोलता येत नाही ना, मग त्यांच्या फोनवर शब्दांचे चौकोन करून देऊ, दाबला चौकोन की बोलेल फोन. पहिल्यांदा तिनं ऑफिसातलाच मोठा पसारा वापरला, एका बटणामागं शंभर फायली. अब्बूंच्या जुन्या फोनवर ते पान उघडायला नऊ सेकंद लागले. नऊ सेकंद नुसता पांढरा पडदा. पाचव्या सेकंदाला अब्बूंनी हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. तिनं सगळं पुसलं. मग शोधत शोधत कोडची एक छोटीशी, फोटोपेक्षाही हलकी तयार चौकट सापडली, पानाच्या माथ्यावर एका ओळीत बसणारी. वर शब्दांची यादी लिहायची, खाली एकाच चौकोनाचं वर्णन करायचं, आणि सांगायचं, यादीत जितके शब्द तितके चौकोन काढ. यादीत शब्द वाढला की पानावर चौकोन वाढतो. शब्द बदलला की तेवढाच चौकोन बदलतो, बाकीचं पान जागचं हलत नाही. हे तिला कॉलेजातही माहीत होतं. पण या घरात, बाजेच्या पायथ्याशी लॅपटॉप घेऊन बसल्यावर ते नवंच दिसायला लागलं. यादी आत असते, पान बाहेर. अब्बूंची यादी कदाचित शाबूत असेल, गॅरेजातल्या पान्यांसारखी नंबरवार लावलेली, आठ, दहा, बारा, चौदा... आणि पान तेवढं एका शब्दावर अडकलेलं. तिचं पान बिघडलं तर ती आत शिरून यादी बघू शकत होती. इथं कुठून शिरायचं?

शब्द कोणत्या भाषेत लिहायचे, हाही प्रश्न होताच. घरात दखनी, गॅरेजात मराठी, शाळा सातवीपर्यंत मराठी. तिनं अम्मीला विचारलं होतं, अब्बू मनात कुठल्या भाषेत बोलत असतील?

कमरजहाँ तांदूळ निवडत होती. "मन का मेरेकू क्या मालूम?" ती म्हणाली. "पैंतीस साल मैं तो बाहर का च सुनी."

शेवटी मराठीत अकरा शब्द झाले. पाणी, चहा, गोळी, भूक, दुखतंय, पंखा, असे, प्रत्येकावर चित्र. आवाज सुग्रीवकाकांचा, गॅरेजात वीस वर्षं अब्बूंच्या जोडीनं काम केलेल्या माणसाचा, कारण अब्बूंच्या तोंडी हुस्नाचा बारीक आवाज बरा दिसला नसता. पहिल्या दिवशी अब्बूंनी 'पाणी' दाबलं, फोनमधून सुग्रीवकाका ठणठणीत म्हणाले, "पाणी", आणि स्वयंपाकघरातून आलेल्या अम्मीनं परका पुरुष आलाय असं वाटून आधी डोक्यावरची ओढणी सारखी केली, मग तांब्या उचलला.

त्याला आज आठ दिवस झाले होते.

अब्बूंचा डोळा लागला तशी हुस्नानं फोन उचलला. कोणता चौकोन किती वेळा दाबला, हे मोजायला तिनं चार ओळी पानात घालून ठेवल्या होत्या. अब्बूंना काय हवं असतं, काय नको, ते बघून शब्द बदलता येतील म्हणून. बाथरूम, एकतीस. चहा, चौदा. दुखतंय, सहा. (सहाच? की दुखणं सांगायचं नसतं त्यांना?) नमाज, दोन. आणि सगळ्यांत खाली एक ओळ, नाव नसलेली. तिच्यासमोर आकडा: त्र्याण्णव.

तिला आधी वाटलं, मोजणीच चुकली. मग तिनं लॅपटॉपवर यादी उघडली आणि चूक लगेच दिसली, पहिल्या वर्षाची पोरं करतात तसली. अकरा शब्दांनंतर दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. बारावा शब्द लिहायला घेतला होता, अम्मीनं हाक मारली, उठली, विसरली. यादीत बारा नोंदी होत्या म्हणून पानानं बारा चौकोन काढले. शब्द कुठाय असं त्यानं विचारलं नाही, सांगितलं तेवढं केलं. चित्र नाही, आवाज नाही, पांढऱ्यावर पांढरा, कडेला केसाएवढी रेघ. कोपरा मोकळा राहिलाय एवढंच ती आठ दिवस समजून चालली होती.

पुसायला एक सेकंद लागला असता. बोट पुसायच्या बटणावर गेलंही... त्र्याण्णव.

अंगठा टेकत असेल चुकून. पण नाही... बारावा चौकोन खाली, उजवीकडे; डाव्या अंगठ्याला सगळ्यांत लांबचा. आणि उजवीकडचं त्यांना कमी दिसतं, ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते. म्हणजे तिथवर जायला त्यांना मान वळवावी लागते, अंगठा सगळ्या पाण्या-चहावरून न्यावा लागतो. त्र्याण्णव वेळा. तो बोलत नाही म्हणून आवडला असेल? सुग्रीवकाकांच्या आवाजाचा कंटाळा? की 'यातलं काहीच नको' असं म्हणायचं असेल आणि त्यासाठी मी शब्दच ठेवला नव्हता? मी ठरवले ते अकरा. पाणी, पंखा, गोळी... आजारी माणसाला एवढंच लागतं असं मला कोणी सांगितलं होतं?

तिला भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. खूप दिवसांनी तिला नुसतं, लहानपणी गॅरेजात उघड्या इंजिनात डोकावताना वाटायचं तसं, वाटत होतं: हे काय आहे?

"वो डब्बों में तेलगाव भी डाल," मागून अम्मी म्हणाली.

हुस्नानं वळून पाहिलं. अम्मी दारात उभी होती, हाताला पीठ.

"दबाते क्या, देखते," एवढं बोलून ती परत आत गेली.

म्हणजे बोलली शेवटी. चार महिने कमरजहाँनं त्या शब्दाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. फक्त तेलगाव ऐकलं की तिच्या हातातलं काम अर्धा क्षण थांबे, पोळी उलटता उलटता, कपडा पिळता पिळता, आणि मग पुन्हा चालू होई. हुस्नानं ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं केलं होतं. तेलगावात त्यांचं कोणी नव्हतं. नात्याचं नाही, ओळखीचं नाही. मग एवढं सगळं पुसलं जाताना तेच गाव का उरलं? बायकोचं नाव का नाही, मुलीचं का नाही?

दुपारी सुग्रीवकाका आले. एक दिवसाआड यायचे, बाजेशेजारी बसून गॅरेजचा हालहवाल एकट्यानंच सांगायचे. जाताना हुस्ना त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेली.

"काका, तेलगावात काय होतं?"

"काय असायचंय? उसाचा सीझन आला की ट्रॅक्टर बिघडत्यात. लई येळा गेलतो आमी."

"दोघंच?"

काकांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, तळहातावर ठेवली. "कधी मिस्त्री एकलेबी जायाचे."

"कशाला?"

"आता ते मी कावून इचारू, बाई? गाडीवर बसायचे, जायाचे, संध्याकाळी यायाचे. सामान न्हाई, काय न्हाई. येताना चेहरा बरा असायचा." मग गाडीला किल्ली लावत, "तुज्या आईला सांगू नगं. त्यात काय असंल असं मला वाटत न्हाई. पर सांगू नगं."

ती उन्हातून परत निघाली. चेहरा बरा असायचा. म्हणजे घरी आलेला जो चेहरा आपण पाहायचो, संध्याकाळचा, हात धुताना गुणगुणणारा, तो कधी कधी तेलगावहून आलेला होता... किंवा तिथून नाही, नुसत्या रस्त्यानं आलेला, माणसाला एकटं जायला एखादं गाव लागतं म्हणून. तिला कळायला मार्ग नव्हता. तिला राग आला नाही याचं तिला नवल वाटलं.

यादीत तिनं तेलगाव लिहिलं. रिकाम्या नोंदीच्या जागी नाही; तिच्या आधी, बाथरूमच्या ठिकाणी, आणि बाथरूम एक घर वर सरकवून टीव्ही काढून टाकला. सेव्ह केलं, आणि पानावर तेवढेच दोन चौकोन बदलले. आवाज स्वतःचाच भरला. काकांना कोणत्या तोंडानं सांगणार होती?

चारच्या सुमाराला अब्बूंना तक्क्याला टेकवून बसवलं. अम्मी दारात उभी राहिली, आत आली नाही. हुस्नानं नवा चौकोन बोटानं दाखवला. अब्बूंनी पाहिलं. अक्षरांवर नजर फिरली, ओळखीची खूण नाही. मग तिनंच तो दाबला, आणि फोनमधून तिचा आवाज म्हणाला, "तेलगाव."

अब्बूंनी भुवई उचलली. फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"तेलगाव?" त्यांनी विचारलं.

काय म्हणालीस? काय आहे हे?... अगदी त्या सुरात, परक्या मुलखातला शब्द कानावर पडावा तसं. त्यांना माहीतच नव्हतं. जे दिवसभर त्यांच्या तोंडून निघत होतं ते त्यांना तेलगाव म्हणून ऐकूच येत नव्हतं. ते पाणी म्हणत होते, दुखतंय म्हणत होते, कदाचित कमर म्हणत होते, अम्मीला ते तशीच हाक मारायचे, आणि त्यांच्या कानांना बहुतेक तेच ऐकू येत होतं. तिनं दाराकडे पाहिलं. अम्मीनंही ते पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. चार महिने ज्या शब्दाशी ती मनात भांडत होती तो शब्द नव्हताच, एवढंच कळलं होतं. गावाबद्दल काही कळलं नव्हतं, आणि आता विचारायला तो शब्दही उरला नव्हता.

अब्बूंनी मान उजवीकडे वळवली. अंगठा निघाला, पाण्यावरून, पंख्यावरून, तेलगाववरूनही न थांबता, आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्यावर टेकला. उचलला. पुन्हा टेकला.

"वो क्या है?" अम्मी बाजेजवळ आली.

काही नाही, माझी चूक आहे, हुस्ना म्हणाली; रिकामा राहिलाय, पुसायचाय.

"खाली है?"

अम्मी बाजेच्या कडेला बसली. ती अब्बूंच्या शेजारी अशी मुलीसमोर कधी बसलेली हुस्नाला आठवत नव्हती. तिनं त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं, वाचता येत असावं तसं. मग ओढणीच्या टोकाला बोट पुसलं आणि ते बोट चौकोनावर ठेवलं. काही झालं नाही. अब्बू तिच्या बोटाकडे बघत होते. तिनं बोट उचललं तसा त्यांनी अंगठा ठेवला. त्यांनी उचलला तसं तिनं बोट ठेवलं, जरा जोरात, भांडताना ठेवावं तसं... की तसं नव्हतं? हुस्नाला सूर लागेना. गेल्या चार महिन्यांत तेलगावचे सगळे सूर ती वेगळे करायला शिकली होती, आणि यात तर आवाजच नव्हता.

मोजणीच्या ओळीत आकडा वाढत असणार. कुठलं बोट अम्मीचं, कुठलं अब्बूंचं, ते त्यात येणार नाही. ते वेगळं मोजायचं झालं तर कसं मोजता येईल, हे तिच्या मनात आपसूक जुळायला लागलं, दाबाची वेळ, दोन दाबांमधलं अंतर... आणि अर्ध्यातच सुटलं. तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास अगदी हळू घेतोय, खोलीत आहोत हे त्या दोघांना जाणवू नये असा. चार महिने या घरात तिच्यावाचून कोणाचं कोणाला कळत नव्हतं. आत्ता काय चाललंय ते तिला विचारलं तर तिला सांगता आलं नसतं, आणि कोणी विचारतही नव्हतं. हे बरं वाटतंय की एकटं, ते तिला ठरवता येईना. उठून बाहेर जावं असं वाटत होतं, आणि हलावंसं वाटत नव्हतं.