लीलाधर मयत झाल्याची सकाळ

अल्काने बटण दाबले आणि कॉम्प्युटरमधली नवी बाई नंदाबाईचे प्रतिज्ञापत्र वाचू लागली. आवाज गोड होता, पण स्टेशनवर गाडी लेट असल्याचे सांगतात तसा, कोणाच्या सुखदुःखाशी देणेघेणे नसलेला.

"ऐका, ऐका," दुर्गाप्रसाद वकील कौतुकाने म्हणाले. "अब मशीन खुद पढती है."

चौदा वर्षे चाललेले जुने सॉफ्टवेअर त्यांनी याच आठवड्यात एकदाचे काढून टाकले होते. नव्याची हौस अजून फिटली नव्हती, म्हणून आलेल्या प्रत्येक पक्षकाराला ते काहीतरी करून दाखवत. आज पाळी नंदाबाईची होती. ती आणि तिचा नवरा लीलाधर सकाळच्या बसने कामठ्याहून आले होते. तिच्या माहेरून मिळालेल्या शेताला बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी यायचे, ते चुलतभावाने अडवले होते. धान गर्भात आले होते, पाणी हवे होते ते आत्ताच. बारा वाजता कोर्टात अर्ज ऐकला जाणार होता आणि सगळी भिस्त या कागदावर होती.

अल्काचे मात्र वाचनाकडे लक्ष नव्हते. परवा सॉफ्टवेअर टाकून जाताना नागपूरचा माणूस म्हणाला होता, "सर, आता नुसतं बोला, आपोआप टाईप होतं. वेगळ्या टायपिस्टची गरजच नाही." वकीलसाहेब त्यावर हसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसते हसले. अठरा वर्षे हे ऑफिस तिच्या बोटांवर चालले होते. त्या हसण्याचा तिला अजून राग येत होता, आणि रागाहून जास्त भीती वाटत होती.

"माझे पती श्री. लीलाधर हे मयत झाले असून," बाई त्याच गोड आवाजात म्हणाली.

लीलाधरने तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"मी कवा मेलो जी?"

अल्काने घाईने बटण दाबून बाईला गप्प केले. गेल्या महिन्यातल्या वारसाच्या प्रकरणाची फाईल तिने उघडली होती, नावे तेवढी बदलली होती, आणि मेलेला नवरा तसाच राहून गेला होता.

"काऊन व बाई," नंदाबाई म्हणाली, "जित्त्या मानसाले मारून राहिली?"

दुर्गाप्रसादांचा चेहरा उतरला. "हे कोर्टात गेलं असतं तर समोरच्या वकिलानं पहिल्याच मिनिटाला धज्जी उडवली असती. ये कैसे हुआ, अल्काबाई?"

"जुन्या फाईलवरच नवीन करते, सर. नेहमीच." अल्का म्हणाली. "परत वाचायला वेळ कुठे असतो?"

बोलून गेल्यावर तिला वाटले, संपले. नोकरी आपल्याच तोंडाने गेली.

साहेबांनी घड्याळ पाहिले. "दुरुस्त करा. लवकर."

तिने लीलाधरला जिवंत केले. साहेब पुन्हा बटणाकडे हात नेणार, तोच नंदाबाईने त्यांना थांबवले.

"थे बाई नोको. भराभरा बोलते, मले अर्धं समजत नाही. हिले वाचू द्या."

अल्का वाचू लागली. दुसऱ्याच ओळीला नंदाबाईच्या कपाळावर आठ्या पडल्या. अल्का थांबली. ती मूळची याच भागातल्या नवेगाव बांधची, पण गावची बोली तिने या ऑफिसात कधी तोंडाबाहेर काढली नव्हती.

"म्हंजे मावशी," ती हळूच म्हणाली, "पानी तुमच्या बाबाच्या काळापासून येऊन राहिलं होतं, थे यानं बंद केलं."

"हां. आता कसं!"

मग एक ओळ कागदातली आणि एक गावची, असे चालले. चौथ्या परिच्छेदाला नंदाबाईने हात वर केला.

"दक्षिनेले नाही. बोडी उगवतीले हाय."

ही ओळ जुन्या फाईलमधली नव्हती, साहेबांनी स्वतः सांगितलेली होती. त्यांनी नकाशा ओढून घेतला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"पूर्वेला करा," ते म्हणाले.

शेवटची ओळ आली. "वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखविला व समजावून सांगितला," इथवर वाचून अल्का थांबली. अठरा वर्षांत ही ओळ प्रत्येक कागदाखाली होती. ती टाईपसुद्धा करावी लागत नसे, जुन्या फाईलबरोबर आपोआप यायची. कोणी कोणाला काही वाचून दाखवले नव्हते. तिला लाज वाटली. नंदाबाईकडे बघवेना.

"हे मात्र बराबर लिवलं," नंदाबाई म्हणाली आणि तिने पेन मागितला.

नंदाबाई आणि लीलाधर कोर्टाच्या दिशेने बाहेर पडले तेव्हा दारात एक म्हातारे गृहस्थ कागदांची पिशवी छातीशी धरून उभे होते.

"सही कुठं करू जी?" त्यांनी विचारले.

दुर्गाप्रसाद काळा कोट चढवता चढवता थांबले. त्यांनी एक खुर्ची उचलली आणि अल्काच्या टेबलाला लावून ठेवली.

"बसा बाबाजी," ते म्हणाले. "सही नंतर. आधी अल्काबाई वाचून सांगतील."