धूर गेला कुठी?

घर बांधून झालं होतं. अडलं होतं फक्त स्वयंपाकघर, आणि तेही एका खिडकीपायी.

सिंदेवाहीजवळच्या त्या गावात रंभाचं घर तलावाच्या पाळीला लागूनच. नव्या घरात ओट्यासमोर तिनं हट्टानं मोठी खिडकी ठेवून घेतली होती. भाजी ढवळता ढवळता मान वर केली की सगळा तलाव दिसायचा, आणि त्यात नवऱ्याचा, खुशालचा मासेमारीचा डोंगा.

मुलगा पवन गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात कामाला होता. सुट्टीत आला की टेप घेऊन ओट्यासमोर उभा राहायचा. "आई, चिमणी लावाची तं इथीच लागन. खिडकी बुजवा लागन."

"चिमणी लावाची तं माह्या डोक्शावर लाव," रंभा म्हणायची. "खिडकीले हात लावाचा नाई."

चिमणीचा आग्रह धरायला पवनकडे कारणही होतं. त्याची बायको दिव्या भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली, कामाला वाघीण. पण फोडणीचा धूर उठला की तिचा श्वास अडकायचा. लग्नाला वर्ष होत आलं तरी ती शेगडीजवळ उभी राहू शकली नव्हती. भाजी चिरायची, कणीक मळायची, आणि सासूनं कढई चढवली की नाकाला ओढणी लावून अंगणात पळायची. तिथून तिचा खोकला ऐकू यायचा आणि रंभाचा हात कढईवर थबकायचा. पोरीची दया येई, पण खिडकीही सुटत नव्हती.

तोड शेवटी दिव्यानंच काढली. एका दुपारी तिनं मोबाइल सासूपुढे धरला. काळ्या काचेची शेगडी, बर्नर दोन्ही बाजूंना आणि मधोमध लांबट जाळी. जाळीखाली पंखा. कढईतला धूर वर जायच्या आत आडवा होऊन त्या जाळीत शिरत होता.

"वरती काहीच लागत नाही, आई. खिडकी जशीच्या तशी राहील."

रंभानं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, "धूर कधी खाली जाते काय वं? मोबाइलमध्ये तं मानूस बी उडते."

"चंद्रपूरला दुकान आहे. चला बघायला."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं निघाल्या. रंभाच्या पिशवीतून लोखंडी कढईचा कान बाहेर डोकावत होता. दिव्यानं विचारलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "लुगडं घेतो तं अंगाले लावून पायतो ना?"

दुकान थंडगार आणि आरशासारखं चकचकीत होतं. आचल नावाच्या मुलीनं हसून दोघींना आत नेलं. शेगडी खरोखर जोडलेली होती. आचलनं पातेल्यात पाणी उकळवलं, बटण दाबलं, आणि वाफेचा पांढरा झोत वाकून जाळीत गेला.

"बघा काकू!"

"पान्याची वाफ गरीब असते, पोरी," रंभा म्हणाली. "ती कोनाचंही आयकते." आणि तिनं पिशवी उघडली. कढई निघाली, जवसाच्या तेलाची बाटली निघाली, भिवापुरी मिरच्यांची पुडी निघाली, आणि शेवटी सुक्या झिंग्यांचा डबा. झाकण उघडताच पलीकडे फ्रीज पाहणाऱ्या बाईनं मागं वळून पाहिलं.

दिव्याला वाटलं, जमीन दुभंगावी. "आई, अहो, इथे नको."

"इथी नाई तं कुठी? घरी लावल्यावर पायू काय?"

आचल घुटमळली. मालक विनोदभाऊ जेवायला मागच्या खोलीत गेले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मग तिलाच हसू आलं. "करा काकू. मलापण बघायचंच आहे."

तेल तापलं. जवसाचं तेल, धुरावं तसं धुरावलं. रंभानं मिरच्या मोडून टाकल्या, त्यावर मूठभर झिंगे. एरवी अशा फोडणीनं अख्खी आळी ठसकली असती. रंभानं सवयीनं मान मागं घेतली. दिव्या मात्र हलली नाही. ओढणी नाकाकडे नेता नेता तिनं हात खाली घेतला आणि पाऊल पुढं टाकलं. धूर उठत होता, दोन बोटं वर येत होता, आणि कुणी शेपटी धरून ओढावं तसा जाळीत नाहीसा होत होता. दिव्या कढईवर वाकली आणि तिनं छातीभर श्वास घेतला.

खोकला आला नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "झिंग्यांचा वास इतका छान असतो?"

पोरीनं वर्षभर आपल्या हातचं खाल्लं होतं, पण कढईतून येणारा ताजा वास कधी घेतलाच नव्हता, हे रंभाला आत्ता कळलं. तिनं सराटा सुनेच्या हातात दिला. "हालव. खाली लागू देऊ नको."

तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणीतरी खोकललं. मग शिंकलं. मग लागोपाठ इतक्या शिंका आल्या की आचलच्या तोंडचं पाणी पळालं. दार धाडकन उघडलं आणि विनोदभाऊ बाहेर आले. डोळे लाल, नाकाला रुमाल, हातात पोळीचा तुकडा.

"कोन मिरच्या जाळून राह्यलं बे?"

आचलनं जीभ चावली. "भाऊ, डेमोचा पाइप... मागच्या खोलीतच सोडलाय ना आपण."

मग फ्रीजवाली बाई फिसकन हसली आणि सगळं दुकान हसायला लागलं. विनोदभाऊ रागवायला म्हणून आले होते. पण डोळे पुसता पुसता त्यांची नजर कढईत गेली. "झिंगे होय काय?" त्यांनी विचारलं. रंभानं त्यांच्या पोळीवर दोन चमचे वाढले. पोळी संपेपर्यंत त्यांचा राग उतरला होता.

दिव्या मात्र विचारात पडली होती. "म्हणजे धूर नाहीसा होत नाही. आपण पाठवू तिथं जातो. मग आपल्या घरी कुठं जाईल? खिडकीखालून बाहेर काढला तर वाऱ्यानं परत खिडकीतूनच आत येईल."

विनोदभाऊंनी खुर्ची ओढली. पाइप बाहेर न काढता धूर गाळून हवा घरातच सोडायची सोयही असते, ते म्हणाले. पण रोज मासळी तळणाऱ्या घरात ती गाळणी सारखी बदलावी लागेल. त्यापेक्षा पाइप ओट्याखालून बाजूच्या भिंतीतून न्हाणीकडे काढा. वळण एकच ठेवा. जितकी वळणं जास्त, तितकी ओढ कमी.

"वीजवाली घ्यायची की गॅसवाली?" दिव्यानं विचारलं.

"गावात लाइन गेली तं उपाशी बसाचं काय?" रंभा म्हणाली. "गॅसवाली. लाइन नसन तवा खिडकी हायच." मग तिनं पंखा वाढवून पाहिला. बारकी ज्योत जाळीकडे झुकली. "हे पाय. पंखा जोरात ठेवला तं आच पातेल्याले सोडून चालली."

"मोठ्या कढईलाच जोरात ठेवायचा," आचल म्हणाली. "चहाला हळू."

एकच गोष्ट रंभाला रुचली नाही: पंख्याची पेटी ओट्याखालची जागा खाणार होती आणि तांदळाचे डबे बेघर होणार होते. तिनं खाली बसून पेटीची उंची वितीनं मोजून पाहिली. मग उठून म्हणाली, "डबे माह्या खाटेखाली ठेवू. बांधा शेगडी."

आठवड्याभरात शेगडी बसली. पवननं पाइप आपल्या हातानं भिंतीतून काढला आणि तोंडाशी पाखरं शिरू नयेत म्हणून जाळीचं झाकण लावलं. पहिल्या दिवशी खुशालनं मरळ आणून दिली आणि तो जाळं धुवायला पुन्हा तलावावर गेला. रंभा सवयीनं ओट्याकडे वळली, तर दिव्या आधीच ओढणी खोचून उभी.

"आज मी करते, आई. तुम्ही सांगा फक्त."

रंभा मोढा घेऊन बसली. हातांचं काय करावं तिला समजेना. आधी मांडीवर ठेवले, मग लसूण सोलायला घेतला, नको असताना. पहिला तुकडा दिव्यानं करपवला. दुसरा उलटताना मोडला. रंभाच्या जिभेवर आलेलं वाक्य तिनं गिळलं. तिसरा तुकडा मात्र असा खरपूस उतरला की दोघींनी तो तिथंच, उभ्या उभ्या, फुंकर मारत खाल्ला.

मागून खुशाल आला. ओले पाय पुसत त्यानं दारातूनच हवा हुंगली आणि त्याचा चेहरा पडला.

"काऊन वं पवनची माय? आज चूल पेटली नाई काय? वास कुठी हाय?"

"न्हाणीकडं जा," रंभा म्हणाली, "तिथी उभे राहून घ्या पोटभर. आन् मग हात धुऊन या, तुमची सून वाढून राह्यली."