उपाशी शेवाळ

“मालक, लवकर या! बगा तर खरं, कसं तरारलंय!”

कासाबाई हौदाच्या कठड्यावरून हाका मारत होती. पेडगावच्या दिनकररावांच्या मळ्यातला हौद तो, आणि त्यात शेवाळ. हो, शेवाळच! लोक घासून फेकून देतात, ते दिनकरराव खत घालून पोसत होते. त्यातून तेल काढायचं आणि विहिरीवरचं इंजिन चालवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. निजाम जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. उद्या हैदराबादेहून सरकारी साहेब यायचे होते. तेल दिसलं तर काम पुढे चालणार, नाहीतर सगळंच गुंडाळायचं. गाव खो खो हसायचं. कासाबाई मात्र इमानाने रोज हौद ढवळायची.

जन्म मेंढरांमागे गेलेली धनगरीण ती. जित्राबाच्या तोंडी चारा गेल्याशिवाय तिच्या घरात कुणी भाकर मोडत नसे. आणि इथे मालक म्हणाले होते, “आता यात काही टाकू नका.” खत बंद झालं तसं शेवाळ पिवळं पडत चाललं. बाईला घास गोड लागेना. शेवटी परवा तिने दिराच्या मेंढरांच्या लेंड्या भिजवल्या आणि ते पाणी हौदात ओतलं.

दिनकरराव आले. हिरवागार हौद बघून त्यांनी ओंजळभर पाणी उचलून नाकाशी नेलं.

“काय टाकलंत यात?”

“लेंडीचं पाणी, मालक. लय सुकायलं होतं. उपाशी जीव बगवंना मला.”

“अहो, उपाशीच ठेवायचं होतं ते! खायला मिळालं नाही की ते अंगात तेल धरतं. आता धरलेलं तेल जिरवून वाढायला लागलं.”

कासाबाई कठड्यावरून खाली उतरली. “मला सांगायचं तरी, मालक.”

“चुकलंच माझं,” ते हळूच म्हणाले. “तुम्हाला काय कळणार, असं वाटलं.”

शिव्या दिल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. हे काही सोसवेना.

साहेब आले, चहा पिऊन गेले. हौद रिकामा करायला गडी निघाला, तेव्हा कासाबाईने त्याला अडवलं. “ऱ्हाऊ दे. मीच काढते बूच.” हिरवं पाणी शेजारच्या ज्वारीत शिरलं.

त्या साली तिथली कणसं ओंजळीत मावेनात. सुगीला दिनकररावांनी सगळ्यांच्या आधी कासाबाईला सांगावा धाडला. ती आली, बांधावर उभी राहून मालकांच्या तेलावर पोसलेली ती कणसं बघत राहिली. मग “अंग दुखायलंय, मालक,” म्हणाली आणि विळा न लावताच घरी गेली.