मिनिटाला चाळीस

पप्पांना ध्यानाला बसता येत नाही, हे आमच्या कॉलनीत कळलं ते चपलांमुळे. रविवारी सकाळी साडेसातला विहारात ध्यानाचा वर्ग असायचा. आत तीस-पस्तीस माणसं डोळे मिटून बसलेली, आणि बाहेर पायरीपाशी माझे पप्पा सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत बसलेले. वर्ग सुटला की लोक बाहेर यायचे, आपली जोडी नीट समोर बघून हसायचे. "वाल्मीकभाऊ असले की चपला शोधाव्या लागत नाहीत," कोणीतरी म्हणायचं. पप्पाही हसायचे. घरी आल्यावर मात्र जेवणापर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत.

ही २००५ सालची गोष्ट. पप्पा सातपूरच्या एका कंपनीत तेवीस वर्षं लेथवर होते. आदल्या वर्षी कंपनीनं व्हीआरएस दिली आणि बावन्नाव्या वर्षी ते घरी बसले. बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, रोज थोडा वेळ ध्यान करत जा. आमच्या विहारातला वर्ग सावळीराम गुरुजी घ्यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, इगतपुरीची विपश्यना शिबिरं केलेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. ते सांगायचे ते सोपं होतं. पाठ सरळ ठेवा. डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघा. दुसरं काही करू नका.

आईला पहिल्याच दिवशी जमलं. ती चाळीस मिनिटं हलली नाही. नंतर म्हणाली, "मला वाटतं मी शेवटी जरा झोपलेच." गुरुजी म्हणाले, "चालतंय मंगलाबाई, हळूहळू जाग राहील."

पप्पा पाच मिनिटांत उठले होते.

त्यांनी प्रयत्न कमी केला नाही. तेवीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, एखादा जॉब बिघडला तर तो पुन्हा लावून बघणारा. गच्चीवर बसून पाहिलं, भिंतीला टेकून पाहिलं, पहाटे आंघोळ करून पाहिलं. दर वेळी तेच. डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष गेलं, की छातीत धडधड सुरू. तळहाताला घाम. आता काहीतरी होणार, आपण उठायला पाहिजे, असं वाटायचं आणि ते उठायचेच. एकदा मी त्यांना आईशी बोलताना ऐकलं. "बाकीची माणसं बसतात की. माझंच मन खराब हाय. काहीतरी पाप असंल."

"कसलं पाप?" आई म्हणाली. "चहा घ्या."

मी तेव्हा सिन्नरच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होते. रोज एसटीनं जा-ये. वर्गाला मी फारशी जायची नाही. रविवारी उशिरा उठायचं आणि वर्ग सुटायच्या वेळेला सगळ्यांसाठी चहाचा थर्मास घेऊन विहारात जायचं, एवढंच माझं काम.

श्रावणातल्या एका रविवारी मी थर्मास घेऊन पोचले तेव्हा वर्ग नुकताच सुटला होता. लोक पांगत होते. गुरुजी बाहेर येऊन पायरीवर पप्पांच्या शेजारी बसले होते. मी चहा ओतायला लागले.

"वाल्मीकराव, मी तुम्हाला एक विचारतो," गुरुजी म्हणाले. "तुम्ही आत बसता तेव्हा नेमकं काय होतं? मला शिकवायचं म्हणून नाही विचारत. मला कळत नाही म्हणून विचारतो."

पप्पा म्हणाले, "गुरुजी, मन इकडंतिकडं पळत नाय माझं. लोक सांगतात, भाजी आठवती, भांडण आठवतं. मला तसलं काय नाय होत. मी श्वासच बघतो. पण बघायला लागलो की मोजायला लागतो. अन् मोजायला लागलो की हात घड्याळाकडं जातो."

"घड्याळाकडे?"

"मनगटाकडं. एक मिनिट झालं का बघायला. का जातो ते नाय माहीत. आणि मग अशी भीती वाटती की बसवतच नाय."

गुरुजींनाही ते उलगडलं नाही. पण माझ्या हातातला कप तसाच राहिला, कारण मला माहीत होतं.

मी चार वर्षांची असताना मला दमा सुरू झाला. १९८७ साल असेल. इनहेलरच्या पंपाची सवय लागते म्हणून तेव्हा लोक पंपाला घाबरायचे. सिरप, गोळ्या आणि जास्त झालं की दवाखान्यात इंजेक्शन, असा कारभार. आमच्या डॉक्टरांनी पप्पांना एक गोष्ट शिकवली होती. पोरगी झोपली की तिच्या पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून श्वास मोजायचे. मिनिटाला चाळीसच्या वर गेले, की थांबायचं नाही, घेऊन यायचं. आईची झोप गाढ. ते काम पप्पांकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. पहिली पाळी असो, दुसरी असो, कामावरून आले की आधी माझ्याजवळ बसून एक मिनिट. मला वाटायचं सगळ्यांचेच वडील मोजतात.

मी सात वर्षांची असताना सिन्नरच्या पुढे एका खेड्यात मावशीचं लग्न होतं. भर दुपार, चुलवणाचा धूर, जेवणाच्या पंगती. त्यात मला धाप लागली. पप्पांनी ताटावरून उठून मला उचललं, रस्त्यावर एक भरलेली जीप थांबवली आणि पुढच्या सीटवर मला मांडीवर ओणवं धरून बसले. सिन्नरपर्यंत ते मोठ्यानं मोजत होते. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मिनिट संपलं की पुन्हा एकपासून. मला बोलता येत नव्हतं, पण मनातल्या मनात मी त्यांच्या बरोबरीनं आकडे म्हणत होते. दवाखान्यात तोंडावर मास्क लागला. पप्पा कॉटपाशी उभे राहून मोजतच होते. बऱ्याच वेळानं ते डॉक्टरांना म्हणाले, "अठ्ठावीस." डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. आता बसा तुम्ही." ते बसले नाहीत.

तेराव्या वर्षानंतर माझा दमा कमी होत गेला. चांगली औषधं आली, पंप आला, मी वापरायला शिकले. झटका येणं जवळजवळ थांबलं. आम्ही सगळे ते विसरलो. निदान तसं वाटत होतं.

"पप्पा," मी म्हणाले, "तुम्ही माझे श्वास मोजायचे."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे. गुरुजींनी विचारलं, "कधीची गोष्ट?" मी जीपपर्यंतचं सगळं सांगितलं. पप्पा मान खाली घालून ऐकत होते, जणू दुसऱ्या कोणाची हकिगत चाललीये.

"तरीच," ते शेवटी म्हणाले. "कंपनीत नियम व्हता, गुरुजी. पाळी संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायची नाय. तसंच झालंय हे. माझा रिलीव्हर आलाच नाय."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. "चूक माझी आहे, वाल्मीकराव. इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलो. श्वास जवळचा आहे, श्वास सोपा आहे. तुमच्यासाठी तो सोपा कसा असेल? नऊ-दहा वर्षं श्वास बघणं म्हणजे लेक वाचवणं. तुमचं मन खराब नाही. ते अजून कामावर उभं आहे. त्याला रागावू नका."

पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही.

"मग करू काय?"

"श्वास सध्या सोडून द्या. चालता येतं ना? अनवाणी चाला, विहाराच्या भोवती. टाच टेकली, चवडा टेकला, पाय उचलला. तेवढंच बघा. तेही ध्यानच आहे."

पुढच्या रविवारपासून लोक आत बसायचे आणि पप्पा बाहेर चालायचे. फरशी पावसानं गार असायची. पहिल्या दोन-तीन रविवारी ते लेथवरून टॉयलेटला निघाल्यासारखे भराभर चालत होते. मग पाय हळू पडायला लागले. आईनं सांगितलं की ते घरीही गच्चीवर चालतात आणि खाली आले की चिडचिड करत नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीपी तपासलं तर डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. गोळी अर्धी झाली यापेक्षा आपण डॉक्टरांनी सांगितलेलं काम पुरं केलं, याचाच पप्पांना जास्त आनंद होता.

डिसेंबरात एका शनिवारी ते मला म्हणाले, "मंजू, उद्या लवकर उठशील का? माझ्याजवळ बस. मला एकदा आत बसून बघायचंय."

आम्ही मागच्या कोपऱ्यात बसलो. गुरुजींनी आम्हाला पाहिलं आणि काही न बोलता पुढे सुरू केलं. सगळ्यांचे डोळे मिटले. मी मिटले नाहीत. पप्पांनी उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि ते घड्याळ बघायला लागले. मी नेहमीसारखा श्वास घेत राहिले. एक मिनिट संपलं तसे ते माझ्या कानाशी वाकले. "सतरा."

"सतरा म्हणजे ठीक आहे ना?" मी कुजबुजले.

"एकदम ठीक."

"पंप माझ्या पर्समध्ये असतो पप्पा. कधी घ्यायचा मला कळतं. इथून पुढे मी बघते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली. सात झाली. त्यांच्या कपाळावर आठी होती, ती कधी गेली मला कळलं नाही. अकराव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले आणि उठून पाय मोकळे करायला बाहेर गेले. त्यांच्या जागी सतरंजी दबलेली होती.

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. कोणी कोणाला थँक्यू म्हटलं तर आई विचारते, परकी आहेस का? पण त्या दिवशी घरी जाताना मला राहवलं नाही. सातपूरच्या रस्त्याला सुटीमुळे बस-मोटारसायकलींची गर्दी नव्हती.

"पप्पा, तुमचं मन गप्प बसलं नाही म्हणून मी आहे."

ते चालता चालता म्हणाले, "मला वाटलं व्हतं तू विसरली असशील. लहान व्हतीस."

"नाही विसरले. पन्नासपर्यंतचे आकडे मी तुमच्याकडूनच शिकले."

ते हसले, आणि म्हणाले, "मी पण तुझे उपकार मानतो. तू सांगितलंस म्हणून कळलं. नायतर मी स्वतःला वाईटच समजत व्हतो."

पप्पा पुढेही कधी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसले नाहीत. बसायचे तेवढे बसायचे आणि मग चालायचे. पण गुरुजींनी वर्गात सांगायची पद्धत बदलली. ज्याला श्वास जमत नसेल त्यानं लाजू नये, वाल्मीकरावांकडे बाहेर जावं, असं ते सुरुवातीलाच सांगू लागले. पहिल्यांदा एक रिक्षावाला आला. मग सुलाबाई, ज्यांनी सासूबाईंचं शेवटचं आजारपण एकटीनं काढलं होतं. २००८पर्यंत रविवारी सहा-सात जण विहाराभोवती चालायचे. पप्पा त्यांच्या पुढे नाही, मागे चालायचे, म्हणजे कोणाला घाई वाटू नये.

मी एकदा विचारलं, "हे लोक का बसू शकत नाहीत, तुम्ही विचारता का त्यांना?"

"नाय," पप्पा म्हणाले. "काहीतरी सांभाळलेलं असंल त्यांनी. सांगावं वाटलं तर सांगतील. तोवर पाय हाय ना."