बायनाबाईचं अर्धं वाक्य

बुधवारी संध्याकाळी सहाला चर्चा सुरू होणार होती. वरोऱ्याच्या अयूब टेलरने साडेपाचलाच दुकानातला टीव्ही अंगणात आणून स्टुलावर ठेवला आणि शिलाई मशिनी भिंतीकडे सरकवल्या. बघता बघता चाळीसेक माणसं जमली. पुढच्या खुर्चीवर बायनाबाई खोब्रागडे. एकतीस वर्षं वॉर्डातली अंगणवाडी चालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. अंगणात बसलेल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी खिचडी वाढली होती, त्यामुळे पुढची खुर्ची त्यांचीच, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

यंदा नवीन प्रकार होता. नगराध्यक्षाचं तिकीट वरून यायचं, ते यावेळी पक्षाच्या सभासदांनी मतदान करून द्यायचं ठरलं. रविवारी मतदान. त्याआधी दोन्ही इच्छुकांची नागपूरच्या एका चॅनलवर समोरासमोर चर्चा. एक ॲडव्होकेट रश्मी उमरे, याच वॉर्डातली. दुसरे श्रीहरीभाऊ, पाणीपुरवठ्याचे माजी सभापती. चर्चेच्या आधीच्या जाहिरातींत त्यांचा हात जोडलेला फोटो तीनदा येऊन गेला.

"ह्या जाहिराती कोणाच्या पैशानं?" मागून कुणीतरी विचारलं.

"चूप बे, सुरू झालं," अयूब म्हणाला.

सुरू झालं आणि पहिल्या पाच मिनिटांतच अंगण तापलं. निवेदकाने श्रीहरीभाऊंना विचारलं, "भाऊ, शहराबद्दलचं तुमचं स्वप्न काय?" भाऊ स्वप्न सांगत बसले. बाग, कारंजं, चौकात मोठं घड्याळ. मग निवेदक रश्मीकडे वळला. "मॅडम, कोर्ट, घर, लहान मूल, यातून शहराला वेळ कसा देणार? आणि एका विशिष्ट समाजाच्या मतांवर तुम्ही तिकीट मागताय, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?" रश्मीने विचारलं.

"लोक म्हणतात."

"आपल्या शहरात पाणी चौथ्या दिवशी येतं. श्रीहरीभाऊ सभापती असताना नवी टाकी बांधली, तिच्यात अजून थेंब चढला नाही. त्या टाकीचं..."

"मॅडम, आपल्याला एक छोटा ब्रेक घ्यावा लागतोय."

ब्रेकनंतर टाकीचा विषय आलाच नाही. रश्मी बोलायला लागली की निवेदक मध्ये शिरायचा, श्रीहरीभाऊ बोलायला लागले की मान डोलवायचा. अयूब भिंतीवरचं घड्याळ पाहून शिंप्याच्या खडूने पाटीवर मिनिटं मांडत होता. शेवटी त्याने पाटी उंच धरली. रश्मी सहा, श्रीहरी एकोणीस.

"हे खुल्लेआम बेइमानी करून राह्यले!" तो ओरडला.

त्याच वेळी फाटकातून चॅनलची वार्ताहर आत आली. हर्षा तिचं नाव, वय पंचवीसच्या आसपास, खांद्यावर पिशवी, एका हातात माइक, दुसऱ्या हातात स्टँडवरचा कॅमेरा. समर्थकांच्या प्रतिक्रिया घ्यायला तिला पाठवलं होतं. तिला पाहून लोक उठलेच. कुणी म्हणालं माइक हिसका, कुणी म्हणालं हाकला हिला.

"थांबा," बायनाबाई म्हणाल्या. "पोरगी विचाराले आली आहे, तं सांगू तिले."

त्यांनी पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलल्या, "रश्मी हारली, श्रीहरीच जिकला, असं तुमी उद्या सांगसानच. आमाले ठाऊक आहे. पण एकाले एकोणीस मिनिटं अन एकीले सहा, याले चर्चा म्हणतेत काय? टाकीचं नाव निघालं अन तुमाले ब्रेक आठवला. मी अंगणवाडीत दोन लेकरांच्या वाटीत अशी खिचडी वाढली असती, तं मायबापांनी मले गावातून काढलं असतं. तुमाले कोण काढन?"

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. हर्षानेही मान हलवली. "छान बोलल्या बाई," ती म्हणाली आणि गेली.

गुरुवारी सकाळी नऊच्या बातम्यांत बायनाबाई दिसल्या. पदर नीट करून त्या म्हणत होत्या, "रश्मी हारली, श्रीहरीच जिकला." बस, तेवढंच. खाली लाल पट्टीत पांढरी अक्षरं: समर्थकांनीच मान्य केला पराभव! आणि त्यांचं वाक्य संपताच टाळ्यांचा कडकडाट. टाळ्यासुद्धा त्याच अंगणातल्या, पण पुढून उचलून इथे जोडलेल्या.

दहा वाजेपर्यंत ती क्लिप साऱ्या शहराच्या फोनवर फिरली. बायनाबाईंना पत्ताच नव्हता. त्या नळावर गेल्या तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या. एकीने हसत विचारलं, "बाई, काय भेटलं श्रीहरीभाऊकडून?" विहारात सफाईला गेल्या तर ज्या नागसेनला त्यांनी मुळाक्षरं शिकवली होती, तो तोंड फिरवून निघून गेला. घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान हरिदास दारातच उभे होते. माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला हा शांत माणूस. सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी ते पाहिलं होतं.

"तू असं काऊन बोलली?" त्यांनी विचारलं.

"काय बोलली मी?"

त्यांनी फोन पुढे केला. बायनाबाईंनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे माहं बोलणं नाई."

"तोंड तं तुहंच आहे."

एवढंच म्हणाले ते. चाळीस वर्षांचा संसार, आणि आधी टीव्हीवर विश्वास ठेवून मग बायकोला विचारलं. त्या दिवशी बायनाबाईंनी स्वयंपाक केला नाही. चुलीपाशी बसून त्या स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. दुपारी नागपूरहून मुलाचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. त्यानेही तोच प्रश्न विचारला तर काय, याची भीती वाटली.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने त्या आणि अयूब चंद्रपूरला गेले. चॅनलचं कार्यालय एका मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. ब्यूरो प्रमुखांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "ताई, प्रतिक्रिया एडिट करावीच लागते. आमच्याकडे वेळ मर्यादित असतो."

"श्रीहरीच्या स्वप्नाले एकोणीस मिनिटं होती तुमच्याकडे," बायनाबाई म्हणाल्या. "मले अर्धं मिनिट नाई? माहं वाक्य जिथून तोडलं, तिथून पुढचे चार शब्द दाखवा. 'असं तुमी उद्या सांगसानच.' मोजा, चारच आहेत."

"तुमची काही तक्रार असेल तर मेल करा."

"मी इथी उभी आहे. मेल कायले?"

"ताई, आवाज कमी करा."

"आवाज तं तुमी कमीच केला न माहा! अजून किती कमी करू?"

अयूबने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात हर्षा मागून धावत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाई, मी पूर्ण पाठवलं होतं. नागपूरच्या डेस्कनं कापलं."

"पूर्ण आहे तुयापाशी?"

तिने मान खाली घालून होकार दिला.

"मंग दे."

"नोकरी जाईन बाई माही. तिथी कॅमेरा माह्या एकटीचाच होता. कोणी दिलं ते एका मिनिटात समजन." ती अहेरीची होती. वडील जंगल कामगार, घरात शिकलेली ही पहिली. तिने ते सांगायला सुरुवात केली, पण बायनाबाईंनी तिला मध्येच थांबवलं.

"तुही नोकरी राहाते अन माहं नाव जाते. हा कोणता न्याय व्हय?"

बायनाबाई जिना उतरून गेल्या. एसटीत अख्खा रस्ता त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. कोळशाचे ट्रक जात होते, काळी धूळ आत येत होती, तरी त्यांनी काच लावली नाही.

संध्याकाळी रश्मीने ऑफिसात बोलावलं. बायनाबाईंना वाटलं, निदान ही तरी विचारेल. रश्मीने दार लावून घेतलं.

"बाई, तुम्ही चंद्रपूरला जाऊन भांडल्या? ब्यूरो चीफचा फोन होता मला. त्यांनी उद्या अकरा वाजता माझी मुलाखत ठेवली आहे, एकटीची. मोठ्या मुश्किलीने मिळाली. तुम्ही एक फोन करून सॉरी म्हणा."

"मी?"

"मला माहीत आहे चूक त्यांची आहे. पण त्यांच्याशी भांडून मला निवडणूक नाही लढता येणार."

"रश्मी, मी तुह्यासाठी बोलली. अन माफीबी मीच मागू?"

"बाई, समजून घ्या जरा."

"तू मुलाखत दे. जरूर दे. माही माफी त्याच्यात घालू नको. ते नाई होणार माह्याकडून."

शनिवारी अयूबच्या अंगणात पुन्हा टीव्ही लागला. या वेळी दहा-बारा जणच होते. बायनाबाई मागे, फाटकाजवळ उभ्या होत्या. निवेदकाचा पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, तुमच्याच समर्थकांनी पराभव मान्य केलाय?"

रश्मी हसून म्हणाली, "काही वयस्कर कार्यकर्ते भावनेच्या भरात बोलून जातात. मनावर घ्यायचं नसतं."

अयूबने टीव्ही बंद केला. बायनाबाई घराकडे चालू लागल्या. संतापाने त्यांना रस्ता दिसत नव्हता. चॅनल परकं होतं. श्रीहरी विरोधक होता. पण ही? हिच्या जन्माची नोंद बायनाबाईंनी अंगणवाडीच्या वहीत स्वतःच्या हाताने केली होती.

दुपारी दोनला अयूब धापा टाकत घरी आला. त्याच्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक व्हिडिओ आला होता. पूर्ण. पदर नीट करण्यापासून "तुमाले कोण काढन?" पर्यंत. खाली एक ओळ: माहं नाव नका सांगू बाई.

"आता पाहा कसा फिरवतो मी!" अयूब म्हणाला. "सगळ्या ग्रुपवर टाकतो. अर्ध्या तासात साऱ्या वरोऱ्यात!"

"थांब."

"काऊन?"

"ग्रुपवर गेला की त्यायच्यापाशी जाईन. अन ते पोरीले हाकलतीन."

"मंग काय करता? उद्या मतदान आहे, बाई!"

बायनाबाईंनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. राग इतका होता की टाकून द्यावा सगळ्यांच्या तोंडावर, ज्याचं जे व्हायचं ते होवो. पोरीने तरी दोन दिवस काय केलं होतं? पण शेवटी दिला तिनेच. बाकी कुणी काही दिलं नव्हतं. त्या उठल्या, चपला घातल्या.

"फोन घे. चाल माह्यासंगं."

अडीच वाजता ते दोघं पहिल्या घरी गेले. बायनाबाई फोन स्वतःच्या हातात धरायच्या, व्हिडिओ दाखवायच्या, आणि कुणी "पाठवा न बाई" म्हटलं की "पाठवणार नाई. डोळ्यानं पाहा अन कानानं ऐका," म्हणून पुढच्या घरी. नळावर हसलेल्या बाईला त्यांनी दोनदा दाखवला. नागसेनने पाहिलं. "बाई, चुकलो मी," म्हणाला. "चुकलाच," त्या म्हणाल्या आणि फोन पुसून पुढे निघाल्या. अंधार पडायच्या आत वॉर्डातल्या सभासदांची एकसष्ट घरं झाली. शेवटी त्यांनी स्वतःच्या घरी हरिदासना दाखवला. त्यांनी तो पाहिला, मान खाली घातली, आणि त्या रात्रीची भाकर स्वतः थापली. वाकडीतिकडी झाली. बायनाबाईंनी खाल्ली, पण बोलल्या नाहीत.

मध्येच रश्मीचा फोन येऊन गेला होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं. "बाई, तुमच्याकडे पूर्ण व्हिडिओ आहे? मला पाठवा लगेच! मी राज्यभर करते व्हायरल!" बायनाबाईंनी नाही म्हणून फोन ठेवला.

रविवारी मतदान झालं. बायनाबाईंनी रश्मीलाच मत दिलं. रागावून श्रीहरीला द्यावं, हे त्यांच्या मनात आलंच नाही. कोरड्या टाकीवर त्या काय मत देणार? संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयात निकाल लागला. त्यांच्या वॉर्डातून रश्मीला जवळपास सगळी मतं पडली होती. बाकी शहराने मात्र गुरुवारची नऊची बातमीच पाहिली होती. रश्मी सदतीस मतांनी हरली.

श्रीहरीभाऊंवर गुलाल उधळला गेला. रश्मी गर्दीतून वाट काढत बायनाबाईंपाशी आली. डोळे लाल होते.

"सदतीस मतं, बाई. तो व्हिडिओ तुमच्याजवळ होता. तुम्ही दिला असता तर आज..."

"तर एक पोरगी आज घरी बसली असती," बायनाबाई म्हणाल्या. "तिनं नोकरी पणाले लावून मले माहं बोलणं वापस दिलं. तू काय दिलं? काल टीव्हीवर तुले एक वाक्य बोलाचं होतं. 'बाई असं बोलल्या नाई.' तेवढं बोलली असती तं व्हिडिओ लागलाच नसता."

"मला वाटलं..."

"तुले वाटलं चॅनल मोठं आहे. सदतीस मतं तिथीच गेली, रश्मी. माह्यापाशी शोधू नको."

रश्मी काही बोलणार तेवढ्यात व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं गेलं. पक्ष एक आहे हे दाखवायचं होतं. ती वर गेली, श्रीहरीभाऊंनी तिचा हात धरून उंच केला, कॅमेरे चमकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायनाबाईंनी हात पदराखाली घट्ट दाबून ठेवले.

बाहेर आल्यावर अयूबने फोन काढला. "बाई, आता ह्या व्हिडिओचं काय? पुसून टाकू?"

"पुसतो कायले?" बायनाबाई फणकारल्या. "ठेव जपून. ती पोरगी ज्या दिवशी ते चॅनल सोडन न, त्या दिवशी टाकजो सगळ्या ग्रुपवर. माहा राग काई सडत नाई तवापर्यंत."

आणि त्या ताडताड चालत पुढे निघून गेल्या.