हळद-कुंकू लावलेलं पत्र

पाच वर्षांनी बजरंग पुण्याच्या फुटबॉल अकादमीतून कायमचा घरी निघाला, पण ‘कायमचा’ हे कुणाला सांगायला त्याचं तोंड उघडेना. पालमला एसटीतून उतरून तो गावापर्यंत पायीच आला. वाटेत ओळखीच्या दोन मोटारसायकली थांबल्या. त्यानं दोन्ही पुढं जाऊ दिल्या. मागं बसलं की बोलावं लागलं असतं.

अकादमीत पहिल्याच दिवशी मोठ्या सरांनी सांगितलं होतं, की बेचाळीस पोरांतून दोघा-तिघांनाच क्लबचा करार मिळेल, तेव्हा शाळा सोडू नका. प्रत्येक पोरानं तेव्हा बाकीच्यांकडं कीव येऊन पाहिलं. बजरंगनंही पाहिलं. महिन्यापूर्वी त्याच सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, मग हातात पत्र ठेवलं. चहा आला तेव्हाच तो काय ते समजला. त्यानंतर तो एका मित्राच्या खोलीवर पडून राहिला. घरून फोन आला की म्हणायचा, सराव जोरात चाललाय.

घरी येताच तो विहिरीवर आंघोळीला गेला आणि इकडं माय कमलबाईनं कपडे धुवायला त्याची बॅग उपसली. तळाशी शिक्का मारलेलं, सही केलेलं इंग्रजी पत्र निघालं. गावात पोरांच्या बॅगेत असला कागद सापडला तर तो नोकरीच्या ऑर्डरीचाच. दिनकररावांच्या लेकाची पोलिसातली ऑर्डर तिनं डोळ्यांनी पाहिली होती. तिनं पत्राला हळद-कुंकू लावलं, देवापुढं ठेवलं. बाप दत्तराव तसाच उठला, पेढे आणले आणि आळीत दारोदार वाटत सुटला.

बजरंग परतला तर माय हसत होती. “ऑर्डर आली म्हणून आमाला आधी सांगायचं न्हाई व्हय रं? आबा पेढे वाटायला गेलेत.”

तो ओल्या केसांनीच बाहेर पडला. बाप मारुतीच्या पारावर सापडला. पुडा रिकामा झाला होता.

“आबा, ती ऑर्डर न्हाई,” बजरंग म्हणाला. “मला काढून टाकल्याचं पत्र हाय.”

दत्तरावानं रिकाम्या पुड्याची घडी घातली, परत उलगडली. कधी मिळालं म्हणून विचारलं. महिना झाला, असं पोरानं सांगितलं. आता पुढं काय, लोक काय म्हणतील, एवढी वर्षं केलं काय, या सगळ्याची उत्तरं त्यानं एसटीत घोकून ठेवली होती.

“मग महिनाभर जेवलास कुठं?” बापानं विचारलं.

बजरंग बापाशेजारी पारावर टेकला.

दत्तराव उठला. ज्या घरी पेढा दिला त्या घरी जाऊन सांगायला पायजे, म्हणाला. पोराला त्यानं घरी जायला सांगितलं. बजरंग गेला नाही, मागं मागं चालत राहिला.

पहिलं घर गीताकाकूचं.

“आता काय, आणखी पेढे? मघाशी चेंगटावानी एकच दिलास,” ती म्हणाली.

दत्तरावानं हातातला रिकामा पुडा मागं लपवला. तेव्हा बजरंग पुढं झाला.

“काकू, माझं झालं न्हाई. घरच्यांनी पत्र चुकीचं समजलं.”

गीताकाकूचं हसू गेलं. तिनं दोघांना आत बोलावलं, पाणी घ्या म्हणाली. कुणी आत गेलं नाही.

अख्खी आळी बाकी होती. पुढच्या दाराची कडी बजरंगनंच वाजवली.