टाका कुठे दिसेना

मुलींच्या वसतिगृहात रोज साठ पानांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळ्या मावशी म्हणत, म्हणून आपणही मावशीच म्हणू. मावशी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. दोन वर्षं महिन्यातले वीस-वीस दिवस अंगावरून जायचं. पिशवीत गाठी झाल्या होत्या. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, लोहाचं औषध पिऊन पिऊन दात काळे झाले आणि रक्त कसंबसं दहावर आलं. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पिशवी काढून टाकू. पण पुढे सहा आठवडे वजन उचलायचं नाही, पातेलं तर मुळीच नाही."

वसतिगृहाला सलग सुट्टी वर्षातून एकदाच, सात आठवड्यांची. म्हणजे सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातली ही तारीख हुकली, की गेलं वर्ष. आणि आणखी एक वर्ष असं जायला अंगात रक्त उरलंय कुठे?

दवाखान्यातून सूचनांचा कागद मिळाला होता. मावशीने तो फ्रिजवर चिकटवला आणि येता-जाता वाचून पाठ केला. बांगड्या काढाव्यात, नखं रंगवलेली नसावीत, खोटे दात असल्यास सांगावं, आणि रात्री दहानंतर तोंडात काही घालू नये, पाण्याचा घोटही नाही. घर सांभाळायला नणंद येऊन राहिली होती. नणंद वयाने लहान, पण जिभेने थोरली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नणंद ओट्यापाशी डब्यासाठी भाजी करत होती. मावशी आंघोळ करून, केस घट्ट बांधून तिथून चालली होती. रस्सा उकळत होता. मावशीचा हात आपोआप पळीकडे गेला, दोन थेंब तळहातावर, तळहात जिभेवर.

"मीठ कमी आहे हो, वन्सं," ती म्हणाली, आणि जागच्या जागी थिजली.

तीस वर्षांची सवय, दुसरं काय! धावत मोरीत गेली, थुंकली, चूळ भरली. चूळ भरताना पाणी गेलं का पोटात, ही आणखी नवी शंका.

"वन्सं, मी गिळलं का हो?"

"तुझ्या घशात बसले होते का मी? आता तोंड मिटून गप बस. दोन थेंबांनी कुणी मरत नाही, पण तारीख मात्र जाईल."

दवाखान्यात मागे नाड्या असलेला झगा घालायला दिला. एका नर्सने विचारलं, "काही खाल्लं-प्यायलंय?" मावशी म्हणाली, "नाही." दुसरीने रक्तदाब घेताना तेच विचारलं. पुन्हा "नाही." तिसरी आली, तिचंही तेच. इतक्यांदा विचारतात, म्हणजे उगीच विचारत नसणार. सांगावं तर तारीख जाते, न सांगावं तर जीव. आणि सांगायचं तरी काय? गिळलं की थुंकलं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

शेवटी भूल देणारे डॉक्टर आले, पोरसवदा दिसणारे. त्यांनी नुसती मान वर केली आणि मावशीने सगळं ओकून टाकलं.

"गिळलंत का?"

"तेच तर कळत नाही, डॉक्टर."

"मीठ बरोबर होतं?"

"कमी होतं."

डॉक्टर हसले, पण कागदावर काहीतरी खोडून लिहिलं. "सांगितलंत ते चांगलं केलंत. आता तुम्हाला शेवटी घेऊ. वेळ उरला तर आज, नाहीतर..." तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. नाहीतर काय, ते तसंच राहिलं.

नणंदेने कपाळावर हात मारला. "हरिश्चंद्राची बहीणच तू!"

दुपार कलल्यावर मावशीला ढकलगाडीवरून आत नेलं. थंडगार खोली, डोक्यावर भलामोठा दिवा, पाठीच्या कण्यात सुई. मग झोपेचं इंजेक्शन. पुढचं सगळं कोरं.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन पिवळं पडलं होतं. मावशीचा हात पहिल्यांदा पोटावर गेला. तिच्या आईचंही हेच ऑपरेशन झालं होतं. बेंबीपासून खाली गोणपाट शिवावं तशी शिवण होती, आंघोळीच्या वेळी आईची पाठ चोळून देताना लहानपणी तिने ती कितीदा पाहिली होती. तीच शिवण तिची बोटं शोधत होती. पोट सपाट. ना पट्टी, ना टाका. दुखतही नव्हतं. पाय तर आपले आहेत की शेजारणीचे, हेच कळेना.

म्हणजे नाही केलं. दोन थेंबांपायी राहिलं.

"झालं गं वहिनी, छान झालं!" नणंद म्हणाली.

पण नणंदेचं काय खरं मानायचं? सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा हीच रोज म्हणायची, उद्या घरी जायचं बरं का! आजारी माणसाशी गोड खोटं बोलण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मग टाके कुठायत?"

"असतील आतल्या आत. आणि ही लघवीची नळी काय हौसेने लावलीय?"

"ती आधीच लावली असेल." मावशीने सलाइन बघायला आलेल्या नर्सला विचारलं, "ताई, माझं राहिलं ना?" नर्स म्हणाली, "बोलू नका, झोपा," आणि निघून गेली. मावशीला हुंदका फुटला. नणंद वैतागून बाहेर गेली आणि भावाला घेऊन आली.

मावशीचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बोलायला कंजूष, आणि खोटं बोलायला गेला की कान लाल व्हायचे. आत्ता कान सोडा, सगळा चेहराच चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"अहो, झालं का?"

"झालं."

"मग कापलं कुठे?"

त्याने पंख्याकडे बघितलं. "खालच्या बाजूने काढली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तुला. तू तेव्हा सही करायला चष्मा शोधत होतीस."

"पण खरंच काढली, हे तुम्हाला कशावरून?"

"मला दाखवली." तो पलंगाच्या कडेवर टेकला. "बाहेर बोलावून ट्रेमध्ये दाखवली. जुना भाग काढला की आपण नाही का गिऱ्हाइकाला दाखवत, तशी. मग मी जरा जिन्यात जाऊन बसलो."

मावशी त्याच्या कानांकडे बघत राहिली. पांढरेफटक होते.

"केवढी होती?"

त्याने हवेत दोन्ही हातांची ओंजळ केली. "एवढी. आपल्या दोघी पोरी एवढ्याशात मावल्या कशा, तेच मला कळेना." हात खाली कधी घ्यायचे, तेही त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी मावशी घरी आली. खोकला आला की पोटावर उशी दाबायची, वाकायचं नाही, पाण्याचा तांब्याही नणंद उचलणार. मधूनच उगाच रडू यायचं. अंगावर एक खूण नाही, मग गेलं ते नक्की काय आणि कुठून, असं तिला वाटत राही. मग ती नवऱ्याला म्हणायची, "परत दाखवा बरं, केवढी होती?" आणि तो कामाचे कपडे न बदलताच तिच्यापुढे ओंजळ धरायचा. दर वेळी ओंजळ जराशी रुंद व्हायची.

"कालपेक्षा वाढली हो," मावशी एकदा म्हणाली, आणि हसू येताच तिने घाईघाईने उशी पोटाशी धरली.